खिशातला कॅमेरा की मिररलेस?
बीड जिल्ह्यात एकच कॅमेरा घ्यायचा, तर मिररलेसच घ्यावा. नायगाव मयूर अभयारण्यात ढगाळ सकाळी मोर पिसारा थरथरवतो, तेव्हा उजेड कमी आणि अंतर जास्त. बीडच्या कंकालेश्वर मंदिराच्या गाभाऱ्यातही अंधारच. बऱ्याच चांगल्या कॉम्पॅक्टचा, म्हणजे खिशातल्या कॅमेऱ्याचा, सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, एपीएस-सी आकाराचा सेन्सर असलेल्या मिररलेसचा साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे उजेड झेलायला तिप्पट जागा, शिवाय लांब पल्ल्याची लेन्स जोडायची सोय. कॉम्पॅक्ट सतत खिशात राहतो हे खरं, पण ते काम आता मोबाइल करतो. लेन्स बदलताना आपल्याकडची उन्हाळी धूळ थेट सेन्सरवर बसते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून लेन्स घरीच लावून निघावं आणि परतेपर्यंत ती काढू नये.