टाळ्या मिळाल्या, हक्काचे काय? खाशाबा, पालवणकर बाळू आणि ॲडम गुड्स

15 जानेवारी हा ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस. महाराष्ट्र सरकार आता हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळते. खाशाबा आपल्या मलकापूर-कराड परिसरातल्या गोळेश्वरचे, त्यामुळे इथे या दिवसाचे अप्रूप जास्त. प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात आणि खेळात करिअर करा असा उपदेश तरुणांना केला जातो.

आपल्या वस्त्यांमधली अनेक मुले-मुली आज पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात, कबड्डी खेळतात, आखाड्यात घाम गाळतात. हा उपदेश त्यांनाच उद्देशून असतो. म्हणून आम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. खेळाडूची कारकीर्द त्याला टाळ्या मिळवून देते, पण त्या टाळ्यांचे हक्कात रूपांतर कधी होते?

पदक देशाचे, कर्ज घराचे

23 जुलै 1952 रोजी हेलसिंकीत खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला 1996 पर्यंत थांबावे लागले. महाराष्ट्राला तर स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवीपर्यंत, म्हणजे 72 वर्षे, वाट पाहावी लागली.

पण हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. लोकांकडून वर्गणी गोळा झाली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. परतल्यावर शेकडो लोकांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. मिरवणुकीनंतर याच विजेत्याने कुस्त्यांचे फड लावून प्राचार्यांचे पैसे फेडले. 1955 मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, 2000 सालचा. गोळेश्वरच्या कुस्ती संकुलाचे काम रखडले म्हणून 2017 मध्ये पदकाचा लिलाव करण्याची भाषा कुटुंबीयांना करावी लागली.

या उपेक्षेला आम्ही जातीचा रंग देणार नाही. ती खेड्यातल्या साध्या घरातल्या माणसाची उपेक्षा होती. पण देशाला पदक देणाऱ्या माणसाची ही गत होते, तर गावकुसाबाहेरून आलेल्या खेळाडूला काय सोसावे लागत असेल? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याशी जोडलेल्या एका जुन्या कारकिर्दीत आहे.

चेंडू चालतो, कप चालत नाही

पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 चा, चांभार कुटुंबातला. पुण्यात पारशी खेळाडूंच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर झाडलोट आणि रोलर ओढण्याचे काम करता करता ते गोलंदाजी शिकले. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये चार रुपये पगार मिळू लागला. साहेबांना सरावासाठी त्यांनी तासन्‌तास चेंडू टाकले. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली गेली नाही. घाम गाळायचे काम खालच्याचे आणि फटके मारायचा मान वरच्याचा, ही विभागणी खेळातही होती.

गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना घेतले. मैदानात सगळ्यांचा हात एकाच चेंडूला लागत होता. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. याच काळात साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना झाला. बाळूंची गोलंदाजी बोथट व्हावी म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला होता असे सांगतात. तरीही त्यांनी सात गडी बाद केले आणि पुण्यात त्यांचा सत्कार झाला.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. त्या काळात देशात त्यांच्या तोडीचा डावखुरा फिरकी गोलंदाज नव्हता. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. 1920 मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांनाही डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि जाहीरपणे निषेध नोंदवला. जनमत हलले. बाळूंना संघात परत घेऊन उपकर्णधार करावे लागले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकलाही.

इथे थांबून विचार करा. शेकडो बळी घेऊन जे दार उघडले नाही, ते दोन भावांच्या माघारीने किलकिले झाले.

या कारकिर्दीचा आणखी एक धडा आहे, थोडा कडू. पुणे कराराच्या वेळी बाळू बाबासाहेबांच्या बाजूने नव्हते. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब जिंकले. बाळूंच्या खेळाबद्दलचा आमचा आदर याने कमी होत नाही. पण ज्या समाजाने त्यांना चहाचा कप दिला नाही, त्याच समाजाच्या राजकारणाला त्यांच्या लोकप्रियतेचा उपयोग करून घेता आला, हे विसरता येत नाही. आपल्या नामवंतांना पुढे करून आपलीच चळवळ अडवायची, ही रीत आजही जुनी झालेली नाही.

ऑस्ट्रेलियातले मैदान

हे फक्त जातीच्या देशात घडते असे नाही. ऑस्ट्रेलियात तिथल्या नियमांचा एक फुटबॉल खेळला जातो. लंबवर्तुळाकार मैदान, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, चेंडूला हात आणि पाय दोन्ही चालतात. या खेळातले एक मोठे नाव म्हणजे ॲडम गुड्स. ते तिथल्या आदिवासी समाजातले. 1999 ते 2015 या काळात सिडनी स्वान्सकडून 372 सामने, सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक दोनदा (2003 आणि 2006), संघाची दोन विजेतेपदे. व्यावसायिक खेळाडूला आणखी काय हवे?

24 मे 2013 रोजी मेलबर्नच्या मैदानावर 13 वर्षांच्या एका प्रेक्षक मुलीने त्यांना माकड म्हटले. गुड्स यांनी खेळ थांबवून तिच्याकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सांगितले की दोष त्या मुलीला देऊ नका, तिला आधाराची गरज आहे, प्रश्न समाजाच्या शिकवणुकीचा आहे. 2014 मध्ये त्यांना 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला आणि ते आदिवासींवरील अन्यायाबद्दल अधिक स्पष्ट बोलू लागले.

मग चित्र पालटले. ज्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, त्यातलेच अनेक जण ते चेंडूला हात लावताच हुर्यो उडवू लागले. मे 2015 मध्ये गोल केल्यावर त्यांनी पूर्वजांचे युद्धनृत्य केले, तर हा प्रेक्षकांना चिथावण्याचा प्रकार आहे असा गदारोळ झाला. त्या हंगामाच्या शेवटी गुड्स निवृत्त झाले. लीगने आणि सर्व 18 क्लबांनी माफी मागितली ती 2019 मध्ये, चार वर्षांनी. 2021 मध्ये लीगच्या मानाच्या यादीत नाव घालण्याचा प्रस्ताव आला. गुड्स यांनी तो नाकारला.

त्या लीगमध्ये वर्णद्वेषी शिवीगाळीविरुद्ध 1995 पासून नियम होता. पण नियम एका तोंडातून येणाऱ्या शिवीसाठी होता. हजारो तोंडांतून येणाऱ्या हुर्योला काय करायचे, हे कोणी ठरवले नव्हते.

आपल्याकडे जुलै-ऑगस्ट 2021 मध्ये काय झाले ते आठवा. टोकियोत हॉकीपटू वंदना कटारिया यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. चारच दिवसांनी संघ उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या त्यांच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ झाली. जिंकताना ती देशाची लेक होती. हरताच तिची जात दिसू लागली.

मग आपण काय करायचे?

खेळू नका, असे आम्ही म्हणणार नाही. उलट जास्त खेळा. पण टाळ्यांच्या भरवशावर राहू नका.

पहिले काम मैदानाचे. मलकापूर असो की कराड, शहराच्या विकास आराखड्यात मैदानांसाठी कोणत्या जागा आरक्षित आहेत आणि त्यावर आज काय उभे आहे, हे माहिती अधिकारात विचारा. दुसरे काम कागदाचे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कोणती स्पर्धा चालते आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी कशी करून घ्यायची, हे अनेकांना जाहिरात निघाल्यावर कळते. तोवर वेळ गेलेली असते. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या माहितीसाठी ठेवता येईल. तिसरे काम कायद्याचे. चारचौघांत जातीवरून अपमान झाला तर तो मैदानावर झाला म्हणून खेळाचा भाग ठरत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा तिथेही लागू आहे. तक्रार करणाऱ्या खेळाडूच्या मागे त्याचा संघ उभा राहील की नाही सांगता येत नाही. आपण उभे राहिलेच पाहिजे.

आणि चौथे काम खेळाडूंचे स्वतःचे. गुड्स यांनी कारकीर्द ऐन भरात असताना, 2009 मध्ये, सहकारी खेळाडू मायकेल ओलॉफलिन यांच्यासह आदिवासी मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी संस्था सुरू केली. निवृत्तीची वाट पाहिली नाही. आपल्यातला जो मुलगा उद्या भरती होईल, जी मुलगी राज्य संघात जाईल, त्यांनी मागे राहिलेल्या एका तरी खेळाडूच्या बुटांचा आणि खुराकाचा खर्च उचलावा.

येत्या 15 जानेवारीला खाशाबांना हार घालू, अभिमानाने घालू. त्याच दिवशी नगरपरिषदेत मैदानाचा अर्जही देऊ आणि त्याची पोच घेऊनच बाहेर पडू.

जय भीम!