घरचा संगणक : बिघाडाला कारण असते



१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरातल्या लहान पोरालाही पाठ असते. १९५६ साली याच दिवशी नागपूरला बाबासाहेबांनी धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो बांधवांना ती दिली. योगायोग असा की, २०२५ साली याच तारखेला मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार बंद केला. पुढचे विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर चालत नाही. त्यामुळे जुन्या बाजारातून चार पैसे साठवून आणलेला चांगला चालता संगणक भंगारात काढा, असा सल्ला मिळू लागला.

तो भंगार नाही. ६४ बिटचे यंत्र आणि चार जीबी रॅम असेल तर त्यावर लिनक्स मिंट नीट चालते, आणि त्याला एक पैसा पडत नाही. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने केली. त्याची आतली रचना कुणापासून लपवलेली नाही. कुणीही ती वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षराचीही बंदी होती, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण काही अडले की घरात घबराट होते. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. त्या पाटीवर मुलीचा जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रे असतात. अर्जाची मुदत उद्या संपणार असेल, तर पुसलेली पाटी म्हणजे बुडालेले वर्ष!

तथागतांनी शिकवले : दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि दूर करण्याचा मार्ग आहे. यंत्राच्या बिघाडालाही हीच वाट लागू पडते. संगणकाला लिंबू-मिरची बांधून तो सुरू होत नाही आणि तो कुणाच्या नजरेने बंदही पडत नाही. म्हणून तीन नियम पाळा. पडद्यावर आलेला संदेश वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या. बिघाडाच्या आधी शेवटी काय बदलले ते आठवा. आणि एका वेळी एकच बदल करून पाहा. दहा गोष्टी एकदम फिरवल्या तर खरे कारण कधीच कळत नाही.

आता नेहमीच्या तक्रारी पाहू. खाली दिलेल्या आज्ञा 'टर्मिनल' नावाच्या खिडकीत इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. पासवर्ड मागितला तर तो टाइप करताना पडद्यावर दिसत नाही; घाबरू नका.

१) घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकते. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की हे होते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. यंत्राच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते, तर विंडोज तिथे भारतीय वेळ मांडते. म्हणजे चुकीचा आकडाच कारण सांगतो. उपाय : सूडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. पण यंत्र बंद केले की दर वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला असतो. दुकानात 'सीआर २०३२' मागा. तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळेही "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत, आणि आपण उगाच इंटरनेटला दोष देतो.

२) विंडोजच्या ड्राइव्हमधल्या फायली दिसतात, पण त्यात काही साठवता येत नाही. कारण विंडोज पूर्ण बंद झालेले नसते, अर्धवट झोपलेले असते. विंडोजमध्ये शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाऊन' करा. कायमचा उपाय हवा असेल तर तिथल्या पॉवर ऑप्शन्समधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा.

३) पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पासवर्डचाच पडदा येतो. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे डिस्क काठोकाठ भरणे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबा. काळा पडदा येईल. तिथे नाव आणि पासवर्ड देऊन 'डीएफ', एक मोकळी जागा आणि '-एच' टाइप करा. ज्या ओळीच्या शेवटी फक्त एक तिरपी रेघ आहे, तिथे १०० टक्के दिसले तर कारण सापडले. 'सूडो एपीटी क्लीन' ही आज्ञा द्या. अद्ययावत करताना साठलेली जुनी पुडकी निघून जातात. मग 'सूडो रीबूट' करा. आत गेल्यावर 'डाऊनलोड्स'मधले नको ते सिनेमे काढा आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी करा. टोपली रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही.

४) अद्ययावत करताना वीज गेली. नंतर काहीच बसवता येत नाही आणि इंग्रजीत लांबलचक संदेश येतो. तो पूर्ण वाचा. 'डीपीकेजी'चे काम मधेच थांबले आहे असे तो सांगतो आणि कोणती आज्ञा द्यायची हेही त्याच ओळीत लिहिलेले असते. ती जशीच्या तशी द्या. इंग्रजी पाहून खिडकी बंद करणारा दुकानदाराला पैसे मोजतो, वाचणारा वाचतो.

५) आवाज येत नाही. टीव्ही किंवा मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडला असेल तर आवाज तिकडे गेलेला असतो. 'साउंड'मध्ये जाऊन 'आउटपुट'खाली योग्य स्पीकर निवडा.

६) वायफाय दिसतच नाही. आधी लॅपटॉपवरची विमानाच्या चित्राची कळ चुकून दाबली गेली आहे का पाहा. नसेल तर मोबाइल यूएसबी वायरने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. इंटरनेट मिळाले की 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. वायफायच्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर उपलब्ध असेल तर तो तिथे दिसतो.

७) जुनी मराठी पत्रके उघडली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाईल बिघडलेली नाही. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. विहाराच्या जुन्या अहवालांसाठी हे काम तरुणांनी हाती घ्यावे.

एवढे करूनही यंत्र सुरू झाले नाही, तरी फॉरमॅटला लगेच होकार देऊ नका. ज्या पेनड्राइव्हवरून मिंट बसवले, तो लावून संगणक सुरू करा. डिस्कला हात न लावता मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालते. डिस्क स्वतः निकामी झालेली नसेल आणि तिला कुलूपबंद केलेले नसेल, तर तुमच्या फायली तिथून दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवता येतात. कागदपत्रे हाती आली की मग खुशाल फॉरमॅट करा.

आणि वेळ येण्याआधीची तयारी : मिंटमधले 'टाइमशिफ्ट' चालू ठेवा. अद्ययावत केल्यावर बिघाड झाला तर ते प्रणाली कालच्या स्थितीत परत आणते. मात्र साध्या मांडणीत ते आपल्या घरच्या फायली साठवत नाही; दाखल्यांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर हवीच.

संगणकाशेजारी एक वही ठेवा. तारीख, संदेश, कारण, उपाय असे चार रकाने आखा. ही वही फक्त थोरल्या मुलाच्या हाती देऊ नका. घरातल्या मुलीने, आईनेही ती लिहावी. रविवारी विहारात जाल तेव्हा ती सोबत न्या आणि शेजारच्या वहीशी ताडून पाहा. एका घराला सापडलेला उपाय साऱ्या वस्तीच्या उपयोगी पडो.

जयभीम!