नांगर ओढणारी राधा आणि सातबाऱ्यावर नसलेली राधा



मार्च महिना आला की एक फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. खांद्यावर नांगर पेललेली नर्गिस. खाली लिहिलेलं असतं, "शेतकरी माउलीला सलाम". आपणही दोन हात जोडलेले टाकतो आणि पुढे पाठवतो. यंदा पाठवायच्या आधी जरा थांबा, एवढंच म्हणणं आहे. कारण ज्या सिनेमातला तो फोटो आहे, तो आपण रडत रडत पाहिला, पण शेतकऱ्याच्या नजरेने फार कमी जणांनी पाहिला.

सिनेमा 'मदर इंडिया'. साल १९५७, दिग्दर्शक मेहबूब खान. त्यांनीच १९४० साली हीच गोष्ट 'औरत' नावाने केली होती. सतरा वर्षांत नायिका बदलली, काळा-पांढरा पडदा रंगीत झाला, पण सावकार सुखीलाल तोच राहिला. दोन्ही सिनेमांत ते काम कन्हैयालाल यांनीच केलं. गावोगावच्या सावकाराचंही असंच असतं म्हणा, कर्ज घेणारे बदलतात, देणारा गादीवर तोच.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी हिशोबासाठी पुन्हा मांडतो. राधाच्या लग्नासाठी सासूने सुखीलालकडून ५०० रुपये घेतले. अंगठा दिला. कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणाला वाचता येत नव्हतं. वाद पंचांपुढे गेला आणि निकाल सावकाराच्या बाजूने लागला. अट अशी की, पिकाचा तीन चतुर्थांश वाटा सावकाराला, तोही फक्त व्याजापोटी.

आता वही घ्या आणि मांडून बघा. समजा १६ पोती धान्य झालं. १२ पोती सावकाराकडे गेली, ४ घरात आली. त्या चारातून बियाणं काढा, बैलांचं बघा, घरची पाच-सहा तोंडं खाऊ घाला. काही उरेल का? आणि एवढं देऊनही मुद्दल ५०० चे ५००च. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, २४ पोती झाली, तर सावकाराची १८. शेतकऱ्याने जास्त राबावं आणि वाढ सावकाराच्या कणगीत पडावी, अशी ती अट होती. असल्या कर्जात मेहनत करून कुणी वर येत नाही, मग तो कितीही इमानदार असो.

पुढचं सगळं तिथूनच येतं. पिकात भागत नाही म्हणून नवरा-बायको खडकाळ पडीक जमीन फोडायला जातात. तिथे शामूचे दोन्ही हात दगडाखाली चिरडतात. हात गेलेला माणूस अपमान सोसवेना म्हणून एके दिवशी घर सोडून जातो, तो परत येत नाही. मग पूर येतो, पीक जातं, लेकरं दगावतात. राधा स्वतः नांगराला जुंपून घेते. आपण म्हणतो, नशीब फिरलं. पूर नशिबाचा म्हणा हवं तर. पण शामू त्या दगडापाशी गेला तो त्या अटीमुळे.

आणि सिनेमा आपल्याला रडवतो कशावर? राधाच्या सोसण्यावर. माझा आक्षेप इथेच आहे. सिनेमा वाईट नाही, नर्गिसचं काम आजही तोडीस तोड सापडत नाही. पण तो पाहून आपण जे शिकलो ते अर्धवट शिकलो. बाईने सोसावं, लेकरांना वाढवावं, अब्रू सांभाळावी, आणि आपण तिला माउली म्हणावं. तिच्या नावावर काय आहे, हे कुणी विचारायचं नाही.

सिनेमात दुसरा रस्ता बिरजूचा. तो दरोडेखोर होतो, सुखीलालच्या वह्या जाळतो, त्याला मारतो. शेवटी आई स्वतःच्या हाताने त्याला गोळी घालते. वह्या जाळणं हे काही लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही, ते आपल्या मातीत खरोखर घडलंय. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांना हवी होती ती कर्जाची खतं. ती मिळवायची आणि जाळायची. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना नीट कळलं होतं की गळ्यातला फास कागदाचा आहे.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ देणं किती, व्याज किती, हे तपासायचा अधिकार मिळाला. आगीने एक-दोन गावच्या वह्या गेल्या असतील, पण पुढचा आधार मिळाला तो कागदाची तपासणी करायच्या हक्कातून. म्हणून मला बिरजूचाही रस्ता पटत नाही आणि नुसती राधाची सहनशक्तीही पुरेशी वाटत नाही. कागद वाचायचा आणि त्यावर आपलं नाव आणायचं, हा तिसरा रस्ता आहे. सिनेमात तो कुणाला सापडत नाही, आपल्याला सापडू शकतो.

आता आपल्या शिवारात या.

घरधनी गेला. तेरावं झालं. बाई पेरणीला उभी राहिली, कारण पाऊस कुणासाठी थांबत नाही. बियाणं उसनं, खत उधारीवर. कापूस वेचून झाला, गाडी भरून खरेदी केंद्रावर गेली. तिथे विचारतात, सातबारा कुणाच्या नावावर? तो गेलेल्या माणसाच्या नावावर. किंवा सासऱ्याच्या. किंवा दिराच्या. नोंदणी होत नाही, मग तोच कापूस गावातल्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावात. पीककर्जाला तेच, पीकविम्याला तेच, ठिबकच्या अनुदानाला तेच. शेत ती करते, पण सरकारी कागदावर ती शेतकरी नसते. हा तोटा क्विंटलमागे मोजता येतो. याला भावनेचा विषय म्हणून सोडून देऊ नका.

गंमत बघा, 'मदर इंडिया' पडद्यावर यायच्या एक वर्ष आधीच, १९५६ साली, हिंदू वारसा कायदा झाला होता. नवरा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या हिश्श्याला त्याची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. बायकोला एका मुलाइतकाच वाटा. तिने पुढे दुसरं लग्न केलं तरी नवऱ्याकडून एकदा आलेला वाटा जात नाही. एवढा जुना कायदा, आणि आजही गावात म्हणतात, "पोरं मोठी झाली की त्यांच्या नावावर करू, बाईला काय करायचंय?"

म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहितो. ज्यांच्या घरात, भावकीत गरज असेल त्यांनी वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, वारस नोंद. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. उशीर झाला तरी नोंद होते, हक्क बुडत नाही, पण लोंबकळत ठेवू नका. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, प्रतिज्ञापत्र एवढं लागतं. ई-हक्क मधून ऑनलाइनही अर्ज होतो. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मयत खातेदारांच्या वारसांची नावं लावायला शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीमही काढली. मोहिमेत राहिलं असेल तरी साध्या अर्जाने काम होतं.

दुसरी, ए.कु.मॅ. ही तीन अक्षरं नीट बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या दिराचं किंवा थोरल्या मुलाचं एकट्याचं नाव लागतं आणि बाकीचे वारस त्यामागे झाकले जातात. बाई म्हणते, "घरचाच माणूस आहे." असेल. पण सातबाऱ्यावर तिचं नाव दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते खरेदी केंद्राला, बँकेलाही दिसत नाही. मुलं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून आईचं नाव यायला हवं, आणि शिवाय तिचं स्वतःचं वारस म्हणून वेगळं नाव हवं. मुलांची पालनकर्ती म्हणून नाव आलं म्हणजे तिचा वाटा आला, असं नाही.

तिसरी, हक्कसोडपत्र. दुःखाच्या दिवसांत "इथे एक सही कर" म्हणून समोर जो कागद येतो, तो बऱ्याचदा हाच असतो. त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. म्हणजे कुणी गाडीत घालून तालुक्याला न्यायला निघालं, तर कशासाठी हे आधी विचारा. राधाच्या सासूने न वाचता दिलेल्या अंगठ्याचं काय झालं ते आपण तीन तास बघितलंय.

चौथी, जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असेल तर. इथेच सगळ्यात जास्त बाया अडकतात. सासरे हयात, नवरा गेला, वाटणी झालेली नाही. सासऱ्यांना आणि भावांना मान्य असेल तर महसूल कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे संमतीने वाटप करून घेता येतं. यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा शब्द चालतो. आबा-अण्णांनो, हात चालतायत तोवर हे काम करा.

पाचवी, नवरा मेलेला नाही, पण निघून गेला. शामूसारखा. अशा बाईला मृत्यूचा दाखला मिळत नाही, म्हणून वारस नोंदही होत नाही. सात वर्षं त्याची काही खबर नसेल तर कायदा त्याला मृत धरू शकतो, पण त्यासाठी कोर्टातून तसं ठरवून घ्यावं लागतं. हरवल्याची पोलिसांत तक्रार पहिल्याच महिन्यात दिलेली असेल तर पुढे ती उपयोगी पडते. लाजेपोटी बाया ती देत नाहीत. देऊ द्या.

सहावी, सावकार. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारीपोटी जमीन लिहून घेतली असेल तर पंधरा वर्षांच्या आतलं प्रकरण जिल्हा उपनिबंधकांकडे नेता येतं आणि जमीन परत मिळू शकते. राधाच्या वेळी पंचांपुढे तोंडी वाद होता. आज अर्ज करायला जागा आहे.

काही जण म्हणतील, बाईच्या नावावर जमीन केली तर ती विकून माहेरी जाईल. माझं उलट विचारणं आहे. आपल्या गावात आजवर जेवढ्या जमिनी विकल्या गेल्या, दारूत, जुगारात, मानपानाच्या लग्नात, त्या कुणाच्या सहीने गेल्या? मोजा आणि सांगा. ज्या बाईने मुलांसाठी नांगर ओढला असं आपण कौतुकाने सांगतो, तिच्यावर सातबाऱ्यापुरता विश्वास नाही, हे कसं काय?

आणि हे काही शहरातून आलेलं खूळ नाही. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला आणि नवरे जिवंत असताना, आपल्या राजीखुशीने, बायकोच्या नावावर जमीन करू लागले. १९९२ मध्ये शासनाने बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला परिपत्रकही काढलं. आपल्याच पायताणातल्या माणसांनी हे केलंय. मरणानंतर कागदासाठी हेलपाटे घालायला लावण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

कृषी खात्यातल्या मित्रांनाही एक विनंती. प्रात्यक्षिकाची, शेतीशाळेची यादी करताना सातबाऱ्यावरची नावं उतरवून घेता, म्हणून त्या यादीत बाई येत नाही. शेतात प्रत्यक्ष फवारणीचं, निंदणीचं, बियाणं राखायचं कोण ठरवतंय ते बांधावर जाऊन विचारा आणि ते नाव लिहा. बोंडअळीचा सापळा कुठे लावायचा हे ज्याला सांगायचं, तो माणूस बहुतेक वेळा लुगड्यातच असतो.

'मदर इंडिया'च्या सुरुवातीला म्हातारी राधा हातात मातीचं ढेकूळ घेऊन बसलेली दिसते. मागे ट्रॅक्टर चालतायत, गावात कालवा आलाय, आणि त्याच्या उद्घाटनाचा मान गावकरी तिला देतात. मान चांगलाच आहे. पण मानाने कर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही.

तर यंदा तो फोटो पुढे पाठवायचा असेल तर पाठवा. पण त्याआधी मोबाईलवरच आपल्या गटाचा सातबारा उघडा आणि त्यात घरातल्या बाईचं नाव शोधा. नसेल, तर सोमवारी तलाठी कार्यालय उघडं असतं.