मोजावे, मगच बदलावे

जालना जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घराच्या पडवीत आजही प्रीमियर पद्मिनी उभी दिसली, तर तिची किंमत बाजारभावाने ठरत नाही. ती वडिलांची आठवण असते. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. त्याच कंपनीची ही मोटार १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन उघडण्याची वेळ आली की घरात दोन पक्ष पडतात. ‘सगळेच नवे टाका’ म्हणणारा एक आणि ‘चालते ते चालू द्या’ म्हणणारा दुसरा. दोघांनीही माप घेतलेले नसते.

हे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे; सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या भागात दाब व उष्णता अधिक आणि तेल कमी, म्हणून तेथे झीज जास्त. यास्तव वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी माप घ्यावे. झीज मर्यादेत असेल, तर होनिंग करून नव्या रिंगा पुरतात. सिलिंडर लंबगोल झाला असेल, तर नव्या रिंगांनी दोष काही काळ झाकला जातो एवढेच. तेथे बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टनच घालावे लागतात. क्रँकशाफ्टचाही निर्णय असाच मायक्रोमीटरवर सोपवावा.

काही भागांबाबत मात्र चिकित्सा करू नये. गॅस्केट, ऑइल सील आणि बेअरिंग एकदा इंजिन उघडले की नवेच घालावेत. त्यांची किंमत एकूण खर्चात थोडी. पण त्यांच्यापर्यंत पुन्हा पोहोचायचे, तर सारी मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते. जुन्या बेअरिंगवर वाचवलेले पैसे अंबडच्या रस्त्यावर क्रँकशाफ्टसह वसूल होतात. टायमिंग चेन आणि तिची दातेरी चक्रे जोडीनेच बदलावीत. झिजलेले दाते नव्या चेनला लवकर निकामी करतात.

याउलट, मापात भरणारा मूळ भाग केवळ जुना म्हणून टाकू नये. या गाडीचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. बाजारात मिळणारा नवा भाग मूळ दर्जाचा असेलच असे नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून सळ्या होतात. तिकडे गेलेला चांगला क्रँकशाफ्ट परत मिळत नाही. ब्लॉकवर तर इंजिन क्रमांकच कोरलेला असतो. तो बदलल्यास परिवहन कार्यालयातील नोंदही बदलून घ्यावी लागते.

म्हणून सुटे भाग मागवण्यापूर्वी मेकॅनिकसमवेत बसून एक कागद करावा. भागाचे नाव, मूळ माप, आजचे माप आणि निर्णय, असे चार रकाने पुरेत. कागद पूर्ण झाला की घरातील दोन्ही पक्षांना बोलावून तो वाचून दाखवावा. बहुतेक वाद तेथेच मिटतो, आणि वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर येते.