उंदराचा तराजू

डोंबिवलीत कुत्रा चावला की माणूस शास्त्रीनगर रुग्णालयाची वाट धरतो, कल्याणात रुक्मिणीबाईची. तिथल्या रांगेत एखादे आजोबा भेटतातच, जे पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या आठवणी काढून शेजारच्या पोराला घाबरवतात. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची आणि क्वचित तिच्यामुळेच अंग लुळं पडायचं. भारताने ती 2004च्या अखेरीस बंद केली. आता दंडात टोचतात ती लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरची.

लस बनवण्यातून मेंढी सुटली. लस तपासण्यात उंदीर मात्र अडकलेलाच आहे. उंदरांच्या गटांना लस कमी-अधिक पातळ करून, आठवड्याच्या अंतराने दोनदा टोचतात. चौदाव्या दिवशी रेबीजचा जिवंत विषाणू थेट मेंदूत. मग आणखी चौदा दिवस कोण लुळं पडतं, कोण मरतं, कोण तगतं, याची मोजदाद. एका बॅचमागे महिना जातो. बरं, उत्तर तरी नेमकं? तेही नाही. एका मात्रेत किमान 2.5 आंतरराष्ट्रीय एकक ताकद हवी, हा नियम. पण युरोपीय औषधसंहिता या चाचणीच्या उत्तरात 25 ते 400 टक्क्यांची ढिलाई चालवून घेते. म्हणजे खरा आकडा चौथाई असेल किंवा चौपट! स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याने असा तराजू ठेवला तर वजनमापवाले उचलून नेतील.

भूतदयेचा मुद्दा मला मान्य आहेच; पण तो बाजूला ठेवला तरी ही चाचणी टिकत नाही.

पर्याय आहे एलायझाचा. विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन ओळखून शरीर प्रतिकार उभा करतं. ते प्रथिन धड असेल तरच चिकटणारी प्रतिपिंडं वापरायची आणि उमटलेल्या रंगावरून ते किती आहे हे मोजायचं. जिवंत शरीर काय करील ते रंग सांगत नाही, हा आक्षेप खरा. पण लस काम करते हे माणसांवर आधीच सिद्ध झालेलं असतं. नव्या बॅचला विचारायचं एवढंच, की तू त्या सिद्ध झालेल्या लसीसारखीच आहेस ना?

सुरक्षिततेच्या बाबतीत थोडी वाट मोकळी झाली आहे. लस गिनीपिग आणि उंदरांना टोचून कोणी दगावतं का, हे पाहण्याची एक सरधोपट चाचणी होती. भारतीय औषधसंहितेच्या 2018च्या आवृत्तीने कंपन्यांना तिच्यातून सूट मागायची सोय केली आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्या शिफारशींतून वगळायचं ठरवलं.

‘सूट मागायची’ हेच मला खटकतं; सूट म्हणजे प्राण्यांवरची चाचणी हाच नियम. आपल्या लसी अनेक देशांत जातात. त्यातल्या एकाने जरी उंदराचा दाखला मागितला तरी कंपनी पिंजरे मोडत नाही. अशा वेळी लसींच्या बॅच तपासणाऱ्या कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेने एलायझाचा निकाल पहिला आणि उंदराचा अपवाद म्हणून, असा क्रम लावला तर परदेशी खरेदीदाराशी बोलायला कंपन्यांच्याही हातात काही राहील.