सायकल एकाची, हिशेब घराचा

व्यापारात एक साधा नियम आहे. माल घेताना आपण भाव पाहतो, पण नफा-तोटा ठरतो तो माल किती दिवस पडून राहिला यावर. हा नियम आम्ही तीस वर्षे कापडाला लावत आलो. सायकलीला तो लावावा हे सुचायला मात्र आम्हाला बरेच दिवस लागले. त्या उशिराची किंमत घरच्यांनी मोजली, म्हणून आज हा विषय व्यापार-उद्योगाच्या पानावर घेत आहोत.

आमच्या लहानपणी मालेगावात सायकल ही गरजेची वस्तू होती. वडील काळ्या बावीस इंची सायकलच्या कॅरिअरवर कच्च्या कापडाचे ताके दोरीने बांधून पेढीवर नेत. आम्हा मुलांना ती तासाच्या भाड्याने मिळे, आणि भाड्याचा तास संपू नये म्हणून आम्ही जेवण विसरत असू. पुढे मोटारसायकली आल्या. सायकलवर दिसणारा माणूस परिस्थितीने मागे राहिला, असा समज झाला. आता चित्र पुन्हा पालटले आहे. 2020 च्या टाळेबंदीनंतर सायकलींना मागणी वाढली, आणि आज पहाटे आग्रा रोडवर पाहावे तर ज्यांच्या दारात मोटार उभी आहे असे कारखानदार, आडते आणि डॉक्टर हेल्मेट घालून निघालेले दिसतात. सप्टेंबर 2025 पासून सायकलवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. तेव्हा हा शौक आणखी घरांत शिरणार हे उघड आहे.

शौक हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मराठीत कोणाला 'शौकीन' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात उधळपट्टीची शंका येते. आम्ही ज्या उर्दू शाळेत शिकलो तिथे मात्र मास्तर चांगल्या विद्यार्थ्याची तारीफ करताना म्हणत की याला वाचनाचा शौक आहे. म्हणजे ओढ, आवड, मनापासूनची लगन. सायकलचा शौक या दोन अर्थांपैकी कोणत्या बाजूला झुकतो, हे ज्याचे त्याने आपल्या खतावणीत पाहावे. आम्ही आमची खतावणी उघडून दाखवतो.

नव्वद हजारांचे भांडवल

2021 साली डॉक्टरांनी आमच्या रक्तात साखर असल्याचे सांगितले आणि रोज अंग हलवा असा सल्ला दिला. गल्ल्यावर बसून बसून शरीराचे काय होते, ते व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. आम्ही सल्ला मानला, पण व्यापाऱ्यासारखा नव्हे, हौशी गिऱ्हाइकासारखा. एका मोठ्या शहरातील दुकानात जाऊन 58,000 रुपयांची गिअरची सायकल घेतली. हेल्मेट 3,200, बूट 6,500, गॉगल 2,400, कपडे 7,900, आणि वेग व अंतर दाखवणारे यंत्र 12,000. एकूण 90,000 रुपये. पहिल्या वर्षी आम्ही 1,100 किलोमीटर सायकल चालवली. भागाकार केला तर किलोमीटरला सुमारे 82 रुपये पडले. एवढ्यात माणूस टॅक्सीने फिरून आला असता आणि घरची चार माणसेही बरोबर आली असती.

त्यात चुका किती! सायकल आमच्या मापाची नव्हतीच. दुकानात जी शिल्लक होती ती आमच्या गळ्यात पडली. तयार शर्ट मोठा निघाला तर बाही दुमडता येते, सायकलचा सांगाडा मोठा निघाला तर मान आणि मनगट दुमडावे लागते. सहा महिने आम्ही खांदेदुखी सोसली. बूट तर पेडलमध्ये खटकन अडकणारे होते. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांचा उपयोग असेल. आमच्या गावात दर पन्नास पावलांवर रिक्षा आडवी येते. पाय सुटला नाही आणि भर चौकात आम्ही उभ्याचे आडवे झालो. ते बूट दोनदा वापरले, आज कपाटात पडून माल आहेत.

कापडवाल्याला कापडाने फसवले

सगळ्यात लाजिरवाणी बाब कपड्यांची. सूत-कापडात जन्म गेला आणि आम्ही छापील नावाला भुललो. सायकलस्वाराची जर्सी म्हणजे विणलेले पॉलिस्टरच. सुती कापड हवेतील ओल धरून ठेवते, त्याचे प्रमाण साडेआठ टक्के मानतात. पॉलिस्टरमध्ये ते जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आत असते. म्हणून सुती बनियन घामाने जड होऊन अंगाला चिकटते, आणि पॉलिस्टरवरचा घाम धाग्याच्या पृष्ठभागावरून बाहेर सरकून लवकर वाळतो. यात जादू काहीही नाही. हा गुण साध्या पॉलिस्टर होजिअरीच्या टी-शर्टातही असतो. लुधियाना शहर होजिअरीसाठी आणि सायकलींसाठी, दोन्हींसाठी देशात प्रसिद्ध आहे. तिथला बिननावाचा टी-शर्ट आमचे काम निम्म्याहून कमी दामात करतो.

मग पैसा कुठे घालावा? आमच्या अनुभवाने चार ठिकाणी. पहिले, बरोबर मापाची सायकल. उभे राहिल्यावर दांडा आणि शरीर यांत मोकळी जागा हवी, आणि पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. दुसरे, चांगले हेल्मेट. तिसरे, पुढचा-मागचा दिवा, कारण पहाटेच्या अंधारात ट्रकवाल्याला आपण दिसलो पाहिजे. चौथे, गादी असलेली अर्धी विजार. ती तंग असते, आणि तशा पोशाखात आमच्या गल्लीतून जाणे आम्हाला जमत नाही. आम्ही वरून सैल पायजमा घालतो आणि उजव्या पायाला रबरी पट्टा बांधतो, म्हणजे तो साखळीत जात नाही. बाकी सगळे गरज पटल्यावर, एकेक करून घ्यावे.

या विजारीत ताणला जाणारा इलास्टेनचा धागा असतो, ज्याला बाजारात लायक्रा म्हणतात. ब्लीचिंग पावडर किंवा कडक गरम पाणी लागले की त्याचा ताण मरतो. थंड पाण्यात हाताने धुवून सावलीत वाळवावी लागते. हे ज्ञान आम्ही घरात मोठ्या ऐटीत सांगितले. तेव्हा मुलांच्या अम्मीने एकच विचारले, "म्हणजे हीसुद्धा मीच धुवायची?" तिथून आमचा खरा हिशेब सुरू झाला.

शुक्रवार कोणाचा?

मालेगावात यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असते, त्यामुळे आमचा बाजारही त्या दिवशी थंड असतो. शनिवार ते गुरुवार आम्ही दुकानात. उधारी-वसुली, सुताचे भाव, व्यापाऱ्यांचे फोन, रात्रीचे दहा कधी वाजतात कळत नाही. घराच्या वाट्याला एक शुक्रवार. आम्ही त्याच शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघू लागलो. आधी झोडग्यापर्यंत, मग त्याच्या पुढे. दहाला परत, नाश्ता, अंघोळ, नमाज, जेवण, आणि दमलेला माणूस संध्याकाळपर्यंत झोपलेला. असे वर्षभर चालले.

एका शुक्रवारी आम्ही टायरमध्ये हवा भरत असताना मुलांच्या अम्मी दारात उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता. "सहा दिवस दुकानाचे, शुक्रवार सायकलचा. आमचा वार कोणता, तेवढे सांगून जा." आम्ही उत्तर दिले की हे औषध आहे, डॉक्टरांनी सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "साखर मलाही आहे."

वाचकहो, हे खरे होते. त्यांची साखर आमच्या आधी दोन वर्षे निघाली होती. त्यांच्याही चिठ्ठीवर रोज चालण्याचा सल्ला होता. पण पहाटे शाळेत जाणारा नातू, नाश्ता, सासूबाईंची औषधे, यातून त्यांना अर्धा तास कधी निघालाच नाही, आणि आम्ही तो काढून द्यायचा विचारही केला नाही. साखर दोघांना, सायकल मात्र एकाला. 90,000 रुपये एकाच्या तब्येतीवर, आणि दुसऱ्याच्या तब्येतीला पायातली साधी चपल. त्या दिवशी आम्ही सायकल परत भिंतीला लावली.

औषध किती आणि शौक किती

मग आम्ही कागद घेऊन बसलो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या सूचनेनुसार प्रौढ माणसाला आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस धरला तरी किमान मात्रा पूर्ण होते. घरापासून चंदनपुरीच्या बाजूला जाऊन यावे, औषध झाले. शुक्रवारचे पाच तास त्यापलीकडचे. ते शौकाच्या खात्यात मांडायला हवेत. शौक करणे गुन्हा नाही, पण शौकाला औषधाचे लेबल लावून घरच्यांचे तोंड बंद करणे हा खोटा हिशेब आहे. आम्ही तो वर्षभर केला, हे इथे कबूल करतो.

तरुण व्यापारी मंडळींनी हे आधीच ओळखावे, कारण त्यांचा शौक आमच्यापेक्षा पुढचा आहे. लांब पल्ल्याच्या ज्या सायकल मोहिमा आता आपल्याकडे चालतात, त्यांना ब्रेव्हे म्हणतात आणि त्यांचे नियम पॅरिसच्या जुन्या क्लबचे आहेत. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तासांची मुदत असते. चारही एका हंगामात पूर्ण केल्या की मोठा किताब मिळतो. मुदतींची बेरीज शंभर तासांवर जाते, आणि सरावाचे तास त्याहून किती तरी जास्त. हे तास आकाशातून पडत नाहीत. ते दुकानातून नाही तर घरातून काढावे लागतात, आणि दुकान तर आपण सोडत नाही.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण आहे. नाशिकच्या डॉक्टर हितेंद्र व डॉक्टर महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी, सुमारे 4,800 किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली. 2017 मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. पण 'एकट्याने' म्हणताना लक्षात ठेवावे की त्या स्पर्धेत प्रत्येक स्वारामागे गाड्या आणि सोबत्यांचे पथक असते. कोणी रस्ता दाखवतो, कोणी खाणे देतो, कोणी जागरण करतो. आपल्या शुक्रवारच्या चाळीस किलोमीटरमागेही असेच एक पथक असते. फरक इतकाच की आपण त्याला कधी विचारत नाही आणि त्याचे नाव घेत नाही.

आमच्या घरचा ठराव

आमच्या घरात जे ठरले ते सांगतो. प्रत्येकाने तसेच करावे असा आग्रह नाही. आठवड्यातील तीन सकाळी आम्ही सायकलवर जातो. दुसऱ्या तीन सकाळी मुलांच्या अम्मी सूनबाईबरोबर चालायला जातात, आणि तेव्हा चहा करणे, नातवाला शाळेसाठी तयार करणे व आईच्या गोळ्या देणे हे आमचे काम. पहिल्या आठवड्यात नातू उलटे मोजे घालून शाळेत गेला. आता आम्ही शिकलो आहोत. त्यांच्यासाठी चांगल्या तळव्याचे बूट घेतले, त्याला वादविवाद लागला नाही. लांबचा फेरा महिन्यातून एकच, आणि तो आधी विचारून. बाकीचे शुक्रवार घराचे. कधी सगळे मिळून गाळण्याचा किल्ला पाहायला जातो, कधी कुठेच जात नाही.

सामानाचाही नियम केला. नवी वस्तू हवी वाटली तर तीन महिने थांबायचे. तोपर्यंत तिच्यावाचून अडले तरच घ्यायची. बहुतेक वस्तूंची ओढ तीन महिने टिकत नाही. आमची विजार आम्ही स्वतः धुतो.

आज त्या सायकलवर एकूण 6,000 किलोमीटर झाले आहेत. म्हणजे किलोमीटरचा भाव 82 वरून 15 रुपयांवर आला. माल हळूहळू का होईना, उठला. साखरही आटोक्यात आहे, आमची आणि त्यांचीही. दोन्हींचे अहवाल एकाच पाकिटात ठेवतो.

व्यापारी बांधवांना एवढीच विनंती की पुढची सायकल, दुर्बीण, तंबू किंवा गळ घेण्याआधी दुकानदाराला भाव जरूर विचारावा, पण घरी येऊन वारही विचारावा. भाव एकदाच द्यावा लागतो. वार दर आठवड्याला द्यावा लागतो, आणि तो आपल्या एकट्याच्या मालकीचा नसतो.