धर्मनिष्ठा आणि हास्य

दिवाळी आटोपली की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव जातात. मंडईच्या किंवा शंकरपटाच्या निमित्ताने जमलेले लोक मंडपात बसून रात्र रात्र हसतात. याच रंगभूमीवर विनोदी भूमिकांनी लौकिक मिळविणारे श्री. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री प्राप्त झाली. अशा वेळी येथील ख्रिस्ती कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो की, शेजाऱ्यांसमवेत मंडपात बसावे, की दार लावून घरी राहावे?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. चांद्यास स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचे मिशन एकोणिसाव्या शतकातच आले. बल्लारपुरास आज कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ आहे. तथापि हा समाज संख्येने अल्पच राहिला. अल्प समाजास आपली थट्टा होईल हे भय असते. म्हणून तो गंभीर मुद्रा धारण करतो आणि नकळत शेजाऱ्यांस परका होतो.

हास्याचे विरोधक म्हणतात की, प्रभू येशू रडल्याचे शुभवर्तमानात लिहिले आहे, हसल्याचे नाही. शिवाय पौलाने पाचकळ भाषणाचा निषेध केला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. परंतु सुईच्या नाकातून जाऊ पाहणारा उंट आणि स्वतःच्या डोळ्यांतील मुसळ विसरून दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ काढावयास निघालेला शहाणा, ही चित्रे ऐकून गालिलातील शेतकरी व कोळी हसले नसतील काय? वृद्ध साराला झालेल्या पुत्राच्या इसहाक या नावाचा अर्थच हास्य. आणि तोच पौल बंदिवासातून फिलिप्पैकरांस आनंद करा असे बजावतो. निषेध आहे तो बीभत्सपणाचा, आनंदाचा नव्हे.

आमच्या महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण लक्ष्मीबाई टिळक यांचे आहे. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर वियोगाचा व लोकनिंदेचा डोंगर कोसळला. १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्यांनी माहेरच्या सोवळ्याच्या वेडास हसून घेतले, पतीच्या लहरीपणास हसून घेतले, आणि सर्वांत अधिक स्वतःस हसून घेतले. त्या हास्यात द्वेषाचा लेश नाही; म्हणूनच हिंदू व ख्रिस्ती दोन्ही घरांत तो ग्रंथ सारख्याच प्रेमाने वाचला जातो. जे कार्य शंभर वादविवादांनी साधले नसते, ते एका प्रांजळ स्त्रीच्या विनोदाने साधले.

यातूनच आम्हांस कसोटी सापडते. जे हास्य स्वतःपासून आरंभ करते व गर्विष्ठाचा ताठा उतरविते, ते धर्मास पोषक होय. जे दुबळ्याच्या व्यंगावर, स्त्रीच्या अब्रूवर किंवा परक्याच्या जातीवर पोसले जाते, ते त्याज्य होय; मग ते मंडपातले असो की मंडळीच्या ओसरीवरचे.

आमच्या ख्रिस्ती बंधुभगिनींस इतकेच सांगणे की, मंडपात अवश्य बसावे. द्व्यर्थी संवादास टाळी देऊ नये. पण सावकाराची फजिती झाली तर मोकळेपणाने हसावे. नाताळात आपल्या अंगणातही निर्मळ दंडार घालावी आणि शेजाऱ्यांस अगत्याने बोलवावे. जो शेजाऱ्याबरोबर हसला नाही, त्याने त्याच्या दुःखात सांत्वन करावयास जावे, तर ते सांत्वनही परक्याचेच वाटणार.